शंभर ओहमची ऊब

रविवार, १ फेब्रुवारी

आज यंत्र आलं. अंडी उबवायचं यंत्र. दोन हमाल, भावोजी आणि मी अशा चौघांनी मिळून ते मागच्या खोलीत नेलं. कपाटाएवढं आहे. बाहेरून लाकूड, आतून पत्रा, दाराला काच, आत तीन कप्पे. छताशी तारेच्या तीन कॉइल बसवल्या आहेत आणि त्यांची ऊब खाली ढकलायला एक छोटा पंखा आहे. (‘कॉइल’ लिहावं की ‘कॉईल’, हे शब्दकोशात सापडलं नाही. ऱ्हस्व ठेवतो.) दोन पितळी पट्ट्या समोरासमोर आहेत आणि कॉइल त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या स्क्रूने आवळल्या आहेत. चौथ्या पायरीची जागा मोकळी आहे. एक जादा कॉइल खोक्यात मिळाली.

ताईने या यंत्रापायी शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडली आहे. ती अंडी निवडणार, भावोजी गावोगाव फिरून पिल्लांना गिऱ्हाईक शोधणार, आणि यंत्र सांभाळणार मी. शाळा मी नववीत सोडली. वायरिंगचं काम मला येतं, पण दोन दुकानांतून ‘हा फार वेळ लावतो’ म्हणून काढून टाकलं. मी एकदा आवळलेला स्क्रू तीनदा तपासतो, हे खरं आहे.

हमाल गेल्यावर भावोजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हे बघ मापाडी, जमलं तर उत्तम. नाहीच जमलं तर काकांच्या गोदामात जागा आहे. घाबरू नकोस.”

मापाडी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. मी सगळं मोजतो म्हणून.

माणूस ‘घाबरू नकोस’ कधी म्हणतो? घाबरण्यासारखं असतं तेव्हा. थोडक्यात, पहिली खेप बिघडली की ताईची नोकरी गेलेलीच, आणि मी गोदामात.

सोमवार, २ फेब्रुवारी

अंडी ठेवली. तिन्ही कप्पे भरले. साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवायची. अंशभर वर गेलं की धोका सुरू, दोन-तीन अंश वर गेलं तर संपलंच. एकवीस दिवस.

राखण तापनियंत्रक करतो. काडेपेटीएवढी वस्तू आहे. आत ऊब कमी झाली की तो वीज सोडतो आणि बाहेरचा लाल दिवा लागतो. पुरेशी झाली की वीज तोडतो, दिवा विझतो. मी स्टूल घेऊन बसून राहिलो. दर पाच मिनिटांत दिवा चार मिनिटं लागतो आणि एक मिनिट विझतो. सकाळी तेच, दुपारी तेच.

ताई म्हणाली, “असा टक लावून बघत राहिलास तर तो लाजून विझायचा.”

रविवार, ८ फेब्रुवारी

काय लिहू ते कळत नाही, पण लिहिलं पाहिजे.

ताईने खिडकीला घोंगडी लावून अंधार केला. पुठ्ठ्याला भोक पाडून मागे बॅटरी धरली आणि भोकावर अंडं टेकवलं. सगळं अंडं आतून तांबूस झालं. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा, आणि त्या जिथून निघतात तिथे एक काळसर ठिपका. तो ठिपका हलत होता. थांबून थांबून नाही. टक टक टक टक.

“हृदय आहे ते,” ताई हळू आवाजात म्हणाली. जणू कोणी जागं होईल.

सहा दिवसांपूर्वी हे अंडं मी माझ्या हाताने ठेवलं होतं. तेव्हा आत पांढरं आणि पिवळं होतं. मी काहीही केलेलं नाही. फक्त साडेसदतीस अंश.

नंतर ताई बराच वेळ दारात उभी होती. मी विचारलं, “अंडी खराब निघाली का?” ती म्हणाली, “नाही रे बाबा,” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली. मला वाटतं तिच्या डोळ्यांत धूळ गेली असावी. घोंगडी झटकायला हवी होती.

मंगळवार, १० फेब्रुवारी

भावोजी गिऱ्हाइकं शोधायला बाहेरगावी गेले. दोन आठवडे तरी लागतील.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताईला विचारत होते, “जेवला का तो? झोपतो का नीट?” अंड्यांचं नावही काढलं नाही. मी कामावर झोपा काढतो असा त्यांना संशय दिसतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज मी अंडी मारली. असंच लिहायला हवं.

सकाळी पाहिलं तर लाल दिवा विझतच नव्हता. आत अडतीसच्या वर. तापनियंत्रक उघडला तर आतले दोन टोकदार तुकडे एकमेकांना वितळून चिकटलेले. वीज तोडणारा कोणी उरलाच नव्हता. यंत्रवाल्याला फोन केला. तो म्हणाला नवा पाठवतो, पण आठ-दहा दिवस लागतील.

मग मी विचार केला. नीट, शांतपणे विचार केला, याचंच जास्त वाईट वाटतं. कॉइल म्हणजे रोध, म्हणजे विजेला अडथळा. ऊब जास्त होते आहे कारण वीज जास्त जाते आहे. वीज कमी करायची तर अडथळा वाढवायला हवा. जादा कॉइल आहेच, आणि पट्ट्यांवर चौथी जागाही आहे. मला वाटलं, यंत्र बनवणाऱ्याने अशा प्रसंगासाठीच ही सोय केली असणार. कॉइल बसवली, स्क्रू तीनदा तपासले, दार लावलं, वीज सुरू केली.

पारा चढू लागला. मला वाटलं, नव्या कॉइलचा परिणाम व्हायला वेळ लागत असेल. एकोणचाळीस. वाट पाहिली. चाळीस. मला कळेना. अडथळा तर वाढवला आहे, मग हे काय? मी तिथे उभा राहून विचार करत होतो. ताई आली, तिने पारा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि प्लग उपटला. दार सताड उघडून पदराने वारा घालायला लागली.

“बघत काय बसलास?” ती ओरडली. ताई माझ्यावर कधी ओरडत नाही.

अंधार करून वरचा कप्पा तपासला. तो कॉइलला सर्वांत जवळ. निम्म्याहून अधिक अंड्यांत रेषा होत्या, ठिपका होता, पण ठिपका हलत नव्हता. ताईने ती वेगळी काढली आणि परसात पेरूच्या झाडाखाली पुरली. खड्डा मी खणला.

चौथी कॉइल काढून टाकली आहे. तीन ठेवल्या तर तापतं, दोन ठेवल्या तर गारठतं. आता आम्ही पाळीपाळीने बसतो. चार मिनिटं प्लग लावायचा, एक मिनिट काढायचा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ताई म्हणाली, “हे हाताने दहा दिवस होणार नाही. तू विज्ञानाच्या बाईंकडे जा.”

गल्लीच्या टोकाला राहतात त्या. ताईला त्यांनी शिकवलं होतं. मी दहावीपर्यंत पोचलोच नाही, त्यामुळे त्यांच्या तावडीत सापडलो नव्हतो. आता निवृत्त झाल्या आहेत, एकट्या असतात, हातात कायम झारी. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं.

“म्हणजे आग विझवायला रॉकेल ओतलंस,” बाई म्हणाल्या. “ये आत. चपला तिथे काढ. आणि असा कोर्टात उभा राहिल्यासारखा राहू नकोस.”

त्यांच्या अंगणात पाण्याचं पिंप आहे. त्याला खाली दोन तोट्या. एक चांगली, दुसरी गंजलेली, तिच्यातून करंगळीएवढी धार येते. बाईंनी चांगली तोटी उघडून मला बादली भरायला लावली. मग दोन्ही तोट्या उघडून दुसरी बादली.

“कोणती आधी भरली?”

“दुसरी. थोडी आधी.”

“मग ती गंजकी तोटी अडथळा आहे की वाट?”

मी म्हणालो, “अडथळा.”

“बंद तोटी अडथळा. उघडी कितीही चिंचोळी असू दे, ती वाट असते. तुझ्या पट्ट्यांमधली प्रत्येक कॉइल ही विजेला एक वेगळी वाट आहे. तू चौथी तोटी उघडलीस, गाढवा. एकापुढे एक ओळीने जोडल्या असत्यास तर अडथळा वाढला असता. तू शेजारी शेजारी जोडलीस. याला समांतर जोडणी म्हणतात.”

मग कागद घेतला. माझी एक कॉइल मीटरवर दोनशे चाळीस ओहम दाखवते. समांतर जोडणीत रोध सरळ मिळवायचे नाहीत. प्रत्येकाचा व्यस्त घ्यायचा, म्हणजे एक भागिले तो आकडा, आणि ते मिळवायचे.

१/२४० + १/२४० + १/२४० = ३/२४० = १/८०.

मी लिहिलं, ‘उत्तर : १/८० ओहम.’

“अजून शीर्षासनात आहे तो,” बाई म्हणाल्या. “त्याला पायांवर उभा कर.”

उलटा केला. ऐंशी.

मी त्या आकड्याकडे बघतच राहिलो. दोनशे चाळीसचे तीन अडथळे, आणि मिळून ऐंशी! चार केले तर साठ. म्हणून ती मेली.

“बाई, असं नेहमीच होतं?”

“काय नेहमी?”

“एकूण रोध लहान होत जातो?”

“सगळ्यांत लहान असेल त्याहूनही लहान. नेहमी. नाही पटत? करून बघ. दोनशे चाळीसच्या शेजारी हवा तेवढा मोठा अडथळा ठेव.”

मी दहा लाख ओहम ठेवला. भागाकार करायला वेळ लागला, बाईंनी घाई केली नाही. उत्तर आलं दोनशे एकोणचाळीस पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश. मी पुन्हा केला. तेच. दहा लाख ओहमची, जवळजवळ बंदच असलेली वाट, आणि तरी तिच्यातून काहीतरी जातं आणि हिशेबात दिसतं. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा मोठा डाग पडला. मी कधी डाग पाडत नाही.

बाईंनी डाग पाहिला. “उद्या ये,” म्हणाल्या. “अजून निम्मंच झालंय.” त्यांना मी मंद वाटलो असणार.

शनिवार, १४ फेब्रुवारी

ताई रात्रभर जागून सकाळी प्लग हातात धरून बसल्या बसल्या पेंगत होती. मी गेलो तेव्हा बाई फाटकातच उभ्या होत्या.

“नेमकी किती ऊब लागते तुझ्या अंड्यांना?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, साडेसदतीस अंश.

“ते तापमान झालं. यंत्राला दर क्षणी किती ऊब पुरवावी लागते ते विचारते आहे.”

ते कोणाला माहीत? मग सांगितलं की मला एवढंच ठाऊक आहे, तापनियंत्रक धड होता तेव्हा पाच मिनिटांतली चार मिनिटं वीज चालू असायची.

बाईंनी झारी खाली ठेवली. “हे तू मोजलंस? कशाला?”

“काळजी वाटत होती म्हणून.”

“शाबास रे काळजीवाल्या! म्हणजे तीन कॉइल मिळून जेवढी ऊब देतात तिचे पाचांतले चार भाग. काढ.”

सूत्र त्यांनी दिलं. आकडेमोड मी केली. आमच्याकडे वीज दोनशे चाळीस व्होल्टची. तिचा वर्ग सत्तावन्न हजार सहाशे. भागिले ऐंशी ओहम, म्हणजे सातशे वीस वॅट. त्याचे चार पंचमांश पाचशे शहात्तर. आता एवढी ऊब न थांबता मिळायची तर एकूण रोध किती हवा? सत्तावन्न हजार सहाशे भागिले पाचशे शहात्तर.

शंभर.

बाकी शून्य. अगदी शंभर. मी तीनदा केलं. तो लाल दिवा मी नुसता बघत बसलो होतो, आणि हा आकडा तेव्हापासून तिथेच होता.

दोन कॉइल मिळून एकशे वीस होतात, म्हणून गारठा. तीन मिळून ऐंशी, म्हणून ताप. एकशे वीसच्या शेजारी कोणती वाट उघडली की बरोबर शंभर होतील? एक शतांशातून एक भागिले एकशे वीस वजा केले. एक भागिले सहाशे उरले. या वेळी मी न सांगता पायांवर उभा केला. सहाशे ओहम.

घरी येऊन मीटरने घरातली प्रत्येक वस्तू मोजली. इस्त्री, शेगडी, सगळे बल्ब. सहाशेचं काहीच सापडेना. शंभर वॅटचा बल्ब मोजला तर फक्त चाळीस ओहम! तो लावला असता तर? गणित केलं. एकशे वीस आणि चाळीस समांतर, म्हणजे तीस ओहम. एकोणीसशे वीस वॅट. उरलेली सगळी अंडी उकडून निघाली असती. मी बल्ब टेबलावर ठेवला आणि त्याच्यापासून लांब सरकलो.

पुन्हा बाईंकडे. एव्हाना मला लाज वाटायला लागली होती.

“शंभर वॅटचा ना?” बाई म्हणाल्या. “मग मघाचंच सूत्र उलटं वापर. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट.”

पाचशे शहात्तर ओहम.

“पण मीटर चाळीस दाखवतो. मी तीनदा मोजलं.”

“तू बल्ब विझलेला असताना मोजलास. आतली तार थंड होती. पेटला की ती पांढरीफटक तापते, आणि तापली की तिचा रोध चौदापट होतो. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला जे दाखवशील तेच तो सांगणार.”

एकच बल्ब. विझलेला असताना चाळीस, पेटल्यावर पाचशे शहात्तर. कसं काय? मी हे किती वर्षं घरोघर बसवत आलो, आणि एवढं मोठं काही त्याच्या आत चाललेलं असतं हे मला कोणी सांगितलं नाही.

पाचशे शहात्तर धरून एकूण आले नव्याण्णव पूर्णांक तीन. “चालेल,” बाई म्हणाल्या. “तुझ्या कोंबड्या दशांश मोजत नाहीत.”

निघताना त्यांनी माझं पूर्ण नाव आणि जन्मतारीख कागदावर लिहून घेतली. कशाला ते सांगितलं नाही. वयामुळे विसरायला होत असेल. शिवाय दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दिला, “सहज सोडव” म्हणून. रद्दी कमी करायची असेल.

बल्ब भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवला, डबा यंत्रात ठेवला आणि तिसरी कॉइल काढून तिच्या जागी बल्ब जोडला. ताई प्लगवर हात ठेवून उभी राहिली. “नक्की?” तिने विचारलं.

मी म्हणालो, “गणित म्हणतंय.”

“तू काय म्हणतोस?”

मी बटण दाबलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

साडेसदतीस.

पारा हललेला नाही. कोणी प्लग काढत नाही, कोणी लावत नाही, दिवा विझत नाही. जेवढी ऊब बाहेर जाते तेवढीच आत येते. मी काचेसमोर बसलो होतो. ताई झोपली होती, पहिल्यांदाच. मला देवळात बसल्यासारखं वाटलं. हे लिहिताना संकोच वाटतो, पण दुसरा शब्द सुचत नाही.

भावोजींचा फोन आला. पुन्हा तेच. जेवला का, झोपला का. ताई म्हणाली, “आता झोपेल.”

बुधवार, १८ फेब्रुवारी

पारा चढतो आहे! काल एका रेषेने, आज दोन. मी कशालाच हात लावलेला नाही.

कॉइल सोडवून मोजल्या, दोनशे चाळीसच आहेत. बल्ब तोच. व्होल्ट तेवढेच. बेरीज पाच वेळा केली. खोलीही कालच्याएवढीच गार आहे. सगळे आकडे बरोबर असताना उत्तर चुकायला लागलं तर माणसाने काय करायचं? मी ताईला म्हणालो की कुठूनतरी जास्तीची ऊब येते आहे, आणि जोडणीत तर दुसरी वाटच नाही.

ताईने खालच्या कप्प्यातलं एक अंडं काढलं, खिडकीतल्या वाऱ्यात थोडा वेळ धरलं आणि माझ्या गालाला लावलं.

ते ऊबदार होतं. बाहेर काढून एवढा वेळ झाला तरी.

“अरे, ती आता पिल्लं आहेत,” ती म्हणाली. “जिवंत माणसाच्या अंगाला हात लावला तर गरम नाही का लागत? ती स्वतःच तापवताहेत.”

मी अंडं हातात घेतलं. आत काहीतरी सरकलं. कवचाच्या आतून, माझ्या तळव्यावर. इतके दिवस मी समजत होतो की ऊब मी देतो आणि ती घेतात. दीड-दोनशे छोट्या शेगड्या आत लागल्या होत्या आणि मी पितळी पट्ट्यांवर त्यांना शोधत होतो.

बल्ब काढला. फक्त दोन कॉइल, एकशे वीस ओहम. पहिल्यांदा त्या कमी पडत होत्या. आता त्या आणि अंडी मिळून पुरतात. दुपारपर्यंत साडेसदतीस.

बाईंना सांगायला गेलो. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.” मग सोडवलेल्या प्रश्नपत्रिका मागितल्या. मी दिल्या.

रविवार, २२ फेब्रुवारी

यंत्रातून आवाज येतो आहे. मला वाटलं पंखा घासतो आहे. पंख्याला कान लावला. पंखा नव्हे.

अंडं कानाशी धरलं. आतून कोणीतरी बोलत होतं. कवच अजून शाबूत, कुठे चीरही नाही. त्याने अजून काहीच पाहिलेलं नाही, आणि ते बोलतं आहे. आणि शेजारचं उत्तर देतं आहे.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आली.

पहाटे एक चीर, मग चोचीएवढं भोक, मग काहीच नाही. मला वाटलं मेलं. ताई म्हणाली, “दम खाऊ दे त्याला. तुला काय घाई आहे?” मग कवचाचं झाकण वर उचललं गेलं आणि ओलं, शेवाळल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं आणि आडवं पडून राहिलं. थोड्या वेळाने त्याने मान उचलली आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. मग दुसरं. मग एकदम सगळीकडे.

खालचे दोन कप्पे जवळजवळ पूर्ण निघाले. वरच्यातली जी वाचली होती त्यांतली बरीच निघाली, पण पाय वाकडे असलेली दोन आहेत. ती माझी. ताई म्हणाली ती आपण घरीच ठेवू.

दुपारी बाई येऊन गेल्या. खोक्यात हात घालून एक पिल्लू उचललं आणि म्हणाल्या, “हं. शंभर ओहम.” मग मला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मार्चमध्ये दोन आठवडे मोकळे ठेव.” त्यांच्याकडे बहुधा वायरिंगचं मोठं काम आहे. मी हो म्हणालो. फुकट करून देईन.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

भावोजी दुपारी आले. पिशवी खांद्यावरच होती, तसेच मागच्या खोलीत शिरले आणि खोक्यापाशी उकिडवे बसले. मी पाठ केलेलं बोललो. वरचा कप्पा माझ्यामुळे गेला. मी चौथी कॉइल लावली. सांगितली होती त्यापेक्षा पिल्लं कमी भरतील. चूक फक्त माझी.

“माहीत आहे,” ते म्हणाले. एका पिल्लाने त्यांचं बोट चोचीत धरलं होतं. “बारा तारखेलाच हिने फोनवर सांगितलं.”

म्हणजे इतके दिवस त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही. मला जास्तच भीती वाटली.

“मग मी गोदामात कधी जाऊ?”

“कुठल्या गोदामात?” त्यांनी ताईकडे बघितलं. “हा काय बोलतोय गं?”

“तुम्हीच बोलला होतात,” ताई म्हणाली. “घाबरू नकोस म्हणून सांगायला गेलात, आणि त्याने ते मनाला लावून घेतलं.”

“अरे देवा! पुढच्या सोमवारी नवी अंडी येणार, ती कोण सांभाळणार, मी? मला फ्यूज बांधता येत नाही. उभा काय राहिलास, बस.”

मी बसलो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “पण एक कळलं नाही. ऊब जास्त झाली, म्हणून तू आणखी एक अडथळा घातलास. मग ऊब कमी व्हायला हवी होती. मीही तेच केलं असतं.”

“समांतर जोडणीत उलटं होतं. दोनशे चाळीसच्या शेजारी दोनशे चाळीस, तर एकशे वीस.”

“चारशे ऐंशी.”

“एकशे वीस.”

“मापाडी, वाटेत एक माणूस आडवा पडला तर अडचण. दोन पडले तर दुप्पट अडचण. तू मला शिकवतोस?”

“एकाच वाटेत पडलेच नाहीत ते. प्रत्येकाची वाट वेगळी आहे.”

त्यांना पटलं नाही. यंत्र रिकामं होतं. मी प्लग काढून दाराच्या मुठीला अडकवला, सगळ्या कॉइल सुट्या केल्या, एकच आवळली आणि पट्ट्यांना मीटरची टोकं लावली. दोनशे चाळीस. मग स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, “दुसरी तुम्ही लावा.”

त्यांनी लावली. आकडा कोसळला. एकशे वीस.

ते मीटरकडे बघत राहिले. मीटर उचलून त्याच्या मागे बघितलं. स्क्रू सैल केला. दोनशे चाळीस. आवळला. एकशे वीस. पुन्हा सैल केला. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि ते मिटायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. खोक्यात सगळी पिल्लं एकदम ओरडत होती.

ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली, जेवण वाढलंय म्हणून. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ती दारातच येऊन उभी राहिली.

“थांब गं,” भावोजी मान वर न करता म्हणाले. “अजून तिसरी लावायची आहे.”